फोटोच्या मागची ओळ

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गात मला 'आपले घर' या विषयावर निबंध लिहून घ्यायचा होता. मी मुलांना सांगितले, "उद्या येताना घरातला सर्वांत जुना फोटो घेऊन या. त्या फोटोवर आपण प्रत्येकी दहा ओळी लिहू."

दुसऱ्या दिवशी वर्गात फोटोच फोटो झाले. कुणी आईवडिलांच्या लग्नाचा फोटो आणला होता, तर कुणी दुकानाच्या उद्घाटनाचा. काही मुलांनी अब्बांच्या मोबाइलमधला फोटो दुकानातून छापून आणला होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र वहीच्या पानांत जपून ठेवलेला एक काळापांढरा फोटो घेऊन आला. फोटोच्या कडा नागमोडी कापलेल्या होत्या. बोटीच्या कठड्याजवळ सात माणसे उभी होती. सगळे तरुण, सगळे हसतमुख. एकाच्या हातात चहाचा मग होता.

"टीचर, यात माझे परदादा आहेत," तो अभिमानाने म्हणाला.

"अरे वा! यातले कोणते?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "ते माहीत नाही, टीचर. दादीला माहीत होते. दादी दोन वर्षांपूर्वी गेली. अब्बा म्हणतात, उजवीकडून तिसरे. चाचा म्हणतात, मगवाले."

मी फोटो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

मुलांनो, त्या कोऱ्या बाजूने मला फार अस्वस्थ केले. फोटो घरात होता. साठ-सत्तर वर्षे कुणीतरी तो सांभाळला होता. पण फोटोतला माणूस कोणता, हे आता घरात कुणालाच सांगता येत नव्हते. दादीच्या हयातीत कुणी तिच्याशेजारी पाच मिनिटे बसून मागे एक ओळ लिहिली असती, तर ही वेळ आली नसती.

तेव्हापासून मी या विषयावर विचार करते आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या घरात फोटोंचा पूर आला आहे. वाढदिवस, ईद, पिकनिक, ताटातली बिर्याणी, सगळ्यांचे फोटो निघतात आणि क्षणात शंभर जणांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे आपल्याला वाटते, आपण आठवणी जपतो आहोत. माझे मत थोडे वेगळे आहे. फोटो दाखवणे आणि फोटो जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपण पहिले काम फार उत्साहाने करतो आणि त्यातच दुसरे झाले असे समजतो.

आधी थोडे माझ्या लहानपणाविषयी सांगते.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी. त्या भागातली कितीतरी माणसे पूर्वी बोटीवर नोकरीला जात. माझे नानाही खलाशी होते. ते वर्षातून एकदा घरी येत, कधी दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात येत ती पत्रे, आणि कधीमधी पत्राबरोबर एखादा फोटो. एखाद्या बंदरावर उतरले, हातात चार पैसे असले, की नाना स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत. फोटोच्या मागे ते पेन्सिलीने उर्दूत लिहीत. एका फोटोच्या मागची ओळ मला पाठ आहे. तिचा अर्थ असा : 'अदन, १९६२. ईदचा दुसरा दिवस. मी आणि माझा दोस्त. तब्येत चांगली आहे, काळजी करू नये.'

नानीने हे सगळे फोटो पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडे जमलो, की एखाद्या दुपारी ती पेटी उघडली जाई. नानी एकेक फोटो हातात घेई आणि विचारी, "सांगा बघू, हे कोण?" आम्ही चुकलो की ती हसे आणि त्या माणसाची गोष्ट सांगे. हा कोण, कुणाचा मुलगा, याचे लग्न कुठे झाले, याला आंबे किती आवडत. ती दुपार म्हणजे आमच्या घरचा इतिहासाचा तासच होता. पण आम्ही कधी वही-पेन्सिल घेऊन बसलो नाही. नानी कायमच असणार आहे, असे आम्हांला वाटत होते.

त्या काळी फोटो काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. १८३९ साली फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. तरी सामान्य माणसाच्या घरात फोटो यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. अनेकांच्या आयुष्यात एकच फोटो निघाला. पुढे साधे कॅमेरे आले. अॅग्फाच्या 'क्लिक थ्री' कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. माझ्या लहानपणी, १९९० नंतरच्या काळात, छत्तीस फोटोंचे रोल होते. एक रोल दोन-दोन ईदना पुरवला जाई. 'हलू नका, फोटो वाया जाईल,' असे मामू ओरडत. मग रोल धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. फोटो मोजके होते, म्हणून प्रत्येक फोटोला किंमत होती. तो पाहिला जाई, चिकटवला जाई, त्याविषयी बोलले जाई.

आज ती टंचाई संपली. हे चांगलेच झाले. गरिबाच्या घरातही आता मुलाचा पहिल्या दिवसाचा फोटो असतो. मोबाइलला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परदेशी असलेल्या वडिलांना आपल्या बाळाचे पहिले पाऊल त्याच दिवशी पाहता येते. माझ्या नानांना आपल्या मुलीचे तोंड पाहायला चौदा महिने थांबावे लागले होते.

परंतु या सुखाबरोबर एक निष्काळजीपणाही आला. माझ्या भावाचेच उदाहरण देते. त्याच्या मोबाइलमध्ये नऊ हजार फोटो होते. त्यांत त्याच्या मुलीच्या जन्मापासूनचे फोटो होते आणि दुकानातल्या बिलांचे, पाठ्यपुस्तकांच्या पानांचे, सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या फुलांचेही फोटो होते. एक दिवस मोबाइल बंद पडला. दुरुस्तीला दिला. मोबाइल चालू होऊन परत आला, पण आत एकही फोटो नव्हता. भाऊ म्हणाला, "काही हरकत नाही, मी बरेच फोटो सगळ्यांना पाठवलेले आहेत." मग आम्ही नातेवाइकांकडे विचारपूस सुरू केली. कुणी जागा नाही म्हणून पुसून टाकले होते. कुणी मोबाइल बदलला होता. शेवटी तीस-चाळीस फोटो मिळाले. ते मोठे करून छापायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "हे फोटो फुटतात. मूळ फोटो आणा." मूळ फोटो आणायचा कुठून?

असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे. व्हॉट्सअॅपवरून आपण नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवतो, तेव्हा तो लवकर जावा म्हणून लहान केला जातो. त्यातले बारकावे कमी होतात. मोबाइलने फोटोबरोबर नोंदवलेली तारीख आणि जागाही त्यातून निघून जाते. छोट्या पडद्यावर आपल्याला फरक दिसत नाही. छापायला गेलो की दिसतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा जातो. एवढी साधी गोष्ट, पण घरोघरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट. "आमचे फोटो इंटरनेटवर आहेत, ते कुठे जाणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. इंटरनेटवर आहेत म्हणजे कुठे आहेत? कोणत्या तरी कंपनीच्या मोठ्या संगणकांवर आहेत. म्हणजे आपण आपली पेटी दुसऱ्याच्या घरी ठेवली आहे. त्या घरमालकाने घर बंद केले तर? २००४ साली ऑर्कुट नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. आपल्या देशात ते फार लोकप्रिय होते. तुमच्या मामा-मावशींना विचारा, त्यांना आठवत असेल. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. गूगल प्लस नावाची सेवा एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी बंद झाली आणि तिथले फोटो पुसले गेले. दोन्ही वेळा लोकांना आधी सूचना दिली होती, फोटो काढून घ्यायला वेळही दिला होता. पण ज्याने सूचना वाचली नाही, ज्याला पासवर्ड आठवत नव्हता, किंवा जो जगातच नव्हता, त्याच्या फोटोंचे काय?

जागेचेही तसेच. गूगल फोटोज या सेवेत काही वर्षे फोटो फुकट आणि हवे तितके ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. दोन वर्षे कुणी खाते उघडलेच नाही, तर ते खाते पुसून टाकण्याचा नियमही गूगलने २०२३ साली केला. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचा तो व्यवसाय आहे. आपल्या घरच्या आठवणी सांभाळण्याची जबाबदारी आपण त्यांच्यावर टाकली, ही चूक आपली आहे.

तुम्ही म्हणाल, "मग टीचर, जुने कागदी फोटोच बरे. पेटीत ठेवले की झाले." तसेही नाही. कागदाचेही शत्रू असतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला पूर आला आणि चिपळूण शहर पाण्यात गेले. माझी मोठी खाला तिथे तळमजल्यावर राहते. घरातली माणसे वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर खाली येऊन पाहतात, तर कपाटे, धान्य, गाद्या सगळे चिखलात. आणि त्याच चिखलात नानीची पत्र्याची पेटी. नानीच्या पश्चात ती पेटी खालाकडे आली होती.

आम्ही मदतीला गेलो तेव्हा खाला भांडी घासत होती. तिने फ्रीज गेल्याचे सांगितले, शिलाई मशीन गेल्याचे सांगितले. रडली मात्र पेटी उघडल्यावर. फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती.

काय करावे, ते मी मोबाइलवरच शोधले. ज्या मोबाइलविषयी मी इतके बोलते आहे, तोच त्या दिवशी कामाला आला. चिकटलेले फोटो ओढून वेगळे करायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवायचे. ते आपोआप सैल होतात. मग बोटाने चित्राच्या बाजूला न घासता हळूच चिखल धुवायचा आणि सावलीत, स्वच्छ कापडावर, चित्राची बाजू वर करून वाळवायचे. हे काम दोन दिवसांच्या आत झाले तर उत्तम, कारण नंतर बुरशी धरते. स्टुडिओत धुतलेले फोटो असे वाचू शकतात. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोंची शाई मात्र पाण्यात पसरते.

शोधता शोधता जपानची माहिती वाचायला मिळाली. ११ मार्च २०११ रोजी तिथे भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा आल्या. गावेच्या गावे वाहून गेली. नंतर ढिगाऱ्यांत लोकांचे लक्षावधी फोटो सापडले. ते कचरा म्हणून फेकून दिले नाहीत. स्वयंसेवकांनी एकेक फोटो धुतला, वाळवला आणि सभागृहांत मांडून ठेवला. ज्यांचे घर गेले होते, ते लोक तिथे येऊन आपले फोटो शोधत. घर पुन्हा बांधता येते, मशीन पुन्हा घेता येते, पण गेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा काढता येत नाही, हे त्यांना कळले होते.

आमच्या खालाकडच्या साठ-सत्तर फोटोंपैकी निम्मे वाचले. गंमत पाहा. अलीकडच्या फोटोंच्या मागे खालाने शाईच्या पेनाने नावे लिहिली होती. त्यांचे निळे डाग झाले. नानांच्या मागच्या ओळी मात्र जशाच्या तशा होत्या. पेन्सिलीचे लिखाण पाण्याने जात नाही. आणखी एक गोष्ट घडली. कुवेतला नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वीच्या ईदला त्या पेटीतल्या वीस फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून नेले होते. पुरात पूर्ण गेलेल्या फोटोंपैकी सहा फोटो त्याच्याकडून परत मिळाले. म्हणजे कागदाने मोबाइलची उणीव भरून काढली आणि मोबाइलने कागदाची. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

आता मी जरा नाजूक विषयाकडे वळते.

माझ्या नानीला फोटो काढून घेणे आवडत नसे. तिचा एकच फोटो आहे. १९९३ साली ती मुंबईहून बोटीने हजला गेली. हजला जाणारी ती बोट १९९५ सालापर्यंत चालू होती. हजच्या कागदपत्रांसाठी फोटो आवश्यक होता, म्हणून ती नाइलाजाने स्टुडिओत गेली. तोच पासपोर्टच्या आकाराचा फोटो अम्मीने जपून ठेवला होता. अम्मी तो कुणाला दाखवत नसे. कधीतरी एकटी असताना पाही आणि परत ठेवी.

नानी गेली त्या दिवशी आमच्या एका तरुण नातेवाइकाने तो फोटो कुठून तरी मिळवला आणि आपल्या स्टेटसवर ठेवला. खाली दुःखाचे दोन शब्द लिहिले. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याचे नानीवर प्रेम होते. पण तासाभरात तो फोटो अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरू लागला. कुणी त्याला फुलांची चौकट लावली. अम्मी मला म्हणाली, "आयुष्यभर तिने जे नको म्हटले, ते आपण तिच्या जनाज्याच्या दिवशी केले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलाने लगेच फोटो काढून टाकला आणि अम्मीची माफी मागितली. पण जे पुढे गेले होते, ते कसे परत येणार? धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही.

म्हणून मी म्हणते, दाखवणे आणि जपणे वेगळे आहे. अम्मीने तीस वर्षे फोटो जपला. दाखवला एकदाही नाही. नातेवाइकाने एका दिवसात शेकडो लोकांना दाखवला. जपला मात्र नाही. फोटो आपल्या हातात असला तरी चेहरा दुसऱ्याचा असतो. तो दुसऱ्यांपुढे ठेवण्याआधी त्या माणसाला विचारावे. तो हयात नसेल, तर त्याच्या जवळच्या माणसाला विचारावे. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे, कारण नाही म्हणण्याचे त्यांचे वय नसते. मैत्रिणीचा फोटो चांगला आला म्हणून तिला न विचारता ग्रुपवर टाकणे, हे तिच्या दप्तरातली वही न विचारता वाचण्यासारखेच आहे.

काही घरांत वडीलधाऱ्यांना फोटो ठेवणेच पसंत नसते. माझ्या नानांचे मोठे भाऊ अशाच विचारांचे होते. त्यांचा एकही फोटो नाही. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. पण त्यांची आठवण आमच्याकडे आहे. त्यांच्या हातची चार पत्रे आहेत आणि एका वहीत त्यांनी स्वतः लिहिलेली घरातल्या माणसांची नावे आहेत. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठल्या गावी गेला, ते सारे त्यात आहे. त्या वहीची आम्हांला फोटोइतकीच किंमत वाटते. एका दृष्टीने जास्तच वाटते, कारण नाव नसलेल्या फोटोपेक्षा फोटो नसलेले नाव अधिक काही सांगते.

इंटरनेटचा चांगला उपयोगही होऊ शकतो. २०१० साली अनुषा यादव यांनी 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. लोक आपल्या घरचा जुना फोटो स्वतःहून पाठवतात आणि त्याबरोबर त्या फोटोची हकीकतही लिहून देतात. माणसे कोण, साल कोणते, तेव्हा काय चालले होते, हे सारे सांगतात. अशा फोटोंमधून देशाचा इतिहास वाचता येतो. तिथे फोटो दाखवला जातो आणि त्याची ओळखही जपली जाते. आपणही घरच्या ग्रुपवर हेच करू शकतो. 'किती सुंदर' म्हणून अंगठा दाखवण्याऐवजी 'हे कोण आहेत?' असा प्रश्न विचारू शकतो.

मग आपण काय करावे? फार मोठे काम नाही. एका सुट्टीत होण्यासारखे आहे.

घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ फोटो घेऊन बसा. एकेका फोटोविषयी विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता, नावे लिहा. डावीकडून उजवीकडे असे क्रमाने लिहा. गाव लिहा, साल लिहा. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहा. चुकीची खात्री देण्यापेक्षा प्रामाणिक अंदाज बरा.

मग त्या फोटोंचे चांगल्या उजेडात, सावली न पडू देता, मोबाइलने फोटो काढा. मागच्या बाजूचाही काढा. जाणकार सांगतात, की महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. मोबाइलमध्ये एक, पेनड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या गावच्या मामूकडे एक. पूर आला, आग लागली, मोबाइल हरवला, तरी तिन्ही एकदम जाणार नाहीत.

कागदी फोटो माळ्यावर ठेवू नका. तिथे उन्हाळ्यात फार तापते. ओल येणाऱ्या भिंतीलाही टांगू नका. कोकणातल्या पावसाळ्यात तर अधिकच जपावे लागते. काळ्यापांढऱ्या फोटोतले चित्र चांदीच्या बारीक कणांचे असते, म्हणून ते नीट ठेवले तर शंभर वर्षेही टिकते. रंगीत फोटोतले रंग उजेडाने आणि उष्णतेने उडतात. १९८० च्या सुमाराचे रंगीत फोटो लालसर झालेले तुम्ही पाहिले असतील. चिकट पानांच्या अल्बममधला गोंदही पुढे पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो.

मोबाइलमधल्या हजारो फोटोंपैकी दर वर्षी बारा निवडा, महिन्याला एक. ते चांगल्या कागदावर छापून घ्या आणि मागे नावे लिहा. दहा वर्षांत एकशे वीस फोटो होतील. एवढे फोटो पुढची पिढी निवांतपणे पाहील. नऊ हजार फोटो कुणी पाहणार नाही.

शेवटी, तुम्हां उर्दू शाळेतल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे जे लिहिले आहे, ते बहुधा उर्दूत आहे. तुमच्या पुष्कळ चुलत-मावस भावंडांना ते वाचता येत नाही, कारण ती दुसऱ्या माध्यमांतून शिकली. माझ्या मामेभावाच्या मुलीने अदनचा तो फोटो हातात घेतला आणि विचारले, "आपा, ही मागे नक्षी कसली आहे?" तिच्या पणजोबांचे अक्षर तिला नक्षी वाटले! तुम्हांला उर्दू येते आणि तुम्ही मराठीही शिकत आहात. तुम्ही ती ओळ वाचू शकता आणि खाली मराठीत लिहून दुसऱ्यांना देऊ शकता. घरात हे काम करू शकणारे कदाचित तुम्हीच एकटे असाल. आज तुम्ही आळस केला, तर उद्या ती ओळ सगळ्यांसाठीच नक्षी होईल.

बोटीवरच्या त्या फोटोचे पुढे काय झाले, ते तुम्हांला ऐकायचे असेल. त्या मुलाने अब्बांच्या परवानगीने तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिले, 'यांतले कोणी ओळखता का?' चार दिवस उत्तर आले नाही. मग मुंबईहून एका वृद्ध नातेवाइकांनी दोन माणसे ओळखली. एक त्यांचे स्वतःचे वडील होते. दुसरे शेजारच्या गावचे होते. परदादांना मात्र त्यांनीही पाहिलेले नव्हते.

मुलाने वर्गात माझ्यासमोर फोटोच्या मागे पेन्सिलीने सावकाश लिहिले, वर उर्दूत आणि खाली मराठीत. आधी ओळखलेली दोन नावे लिहिली. मग लिहिले, 'उरलेल्या पाच जणांत माझे परदादा आहेत. कोणते ते आम्हांला माहीत नाही. कोणाला कळले तर इथे लिहावे.' त्याखाली त्याने स्वतःचे नाव आणि त्या दिवसाची तारीख घातली.

मग त्याने फोटो पुन्हा वहीच्या पानांत ठेवला आणि मला विचारले, "टीचर, नाना अजून आहेत माझे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ?"

मी म्हटले, "अवश्य जा. आणि पेन्सिल विसरू नकोस."